घासायचं काय, राखायचं काय : खाऱ्या पाण्याच्या टाकीची गाळणी



वाङ्मय मंडळाच्या अंकात कविता, कथा, पुस्तकपरीक्षणं भरपूर येतात. या वेळी संपादकांनी सांगितलं, रोज हाताने करायच्या एखाद्या कामावर अभ्यासलेख लिही, पण मराठी मराठीसारखी ठेव. मी निवडलेलं काम म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीची गाळणी साफ ठेवणं. इंदूरला समुद्र कुठला? मुंबई इथून सहाशे किलोमीटरच्या आसपास. तरी आमच्या अन्नपूर्णा भागात, मंदिराच्या दारातल्या त्या मोठ्या हत्तींपासून पायी पाच मिनिटांवर, दोनशे लिटर समुद्र गेली चार वर्षं आमच्या बैठकीत उभा आहे. त्यात दोन क्लाउनफिश, दोन डॅमसेल आणि एक गोबी. प्रवाळ नाही. समुद्रातले प्रवाळ आणि समुद्रघोडे आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यामुळे कोणी दुकानदार कानाशी येऊन ‘भैया, एक पीस है’ म्हणाला तरी घ्यायचे नाहीत. क्लाउनफिशचं बरं आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास टाक्यांमध्ये करून दाखवली आहे, तेव्हा समुद्रातून ओरबाडलेले मासे घेण्याची गरज उरत नाही.

घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘गाळणी किती दिवसांनी धुतेस?’ साधा प्रश्न, पण याचं एक उत्तर नाही, कारण ‘गाळणी’ ही एक वस्तू नाही. टाकीखालच्या कपाटात चार-पाच वेगळ्या वस्तू असतात. त्यातल्या काही दर तीन दिवसांनी घासायच्या, काही तीन महिन्यांनी, आणि एकीला शक्यतो हातच लावायचा नाही. कोणती कुठली, हे न कळता धुणाऱ्याचे मासे मरतात. घाणीने मरणाऱ्या माशांपेक्षा स्वच्छतेने मरणारे मासे मी जास्त पाहिले आहेत.

आधी घाण म्हणजे काय ते पाहू. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाणं ही दिसणारी घाण, ती फारशी धोक्याची नाही. धोक्याचा असतो अमोनिया. मासा तो मुख्यतः कल्ल्यांवाटे, चोवीस तास, पाण्यात सोडत असतो, आणि तो डोळ्याला दिसत नाही. समुद्राच्या पाण्याचा सामू 8.2 च्या आसपास असतो, म्हणजे पाणी थोडं क्षारीय. अशा पाण्यात अमोनियाचा विषारी प्रकार गोड्या पाण्यापेक्षा जास्त प्रमाणात असतो. समुद्रात हे सगळं अथांग पाण्यात विरून जातं. दोनशे लिटरमध्ये विरायला जागा नाही.

याला उत्तर जिवाणूंचं आहे. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र मासा बऱ्यापैकी सोसतो, आणि ते आपण पाणी बदलून काढतो. मातीतल्या अशा जिवाणूंना वेगळं काढून ओळखण्याचं काम सर्गेई विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास केलं. गंमत म्हणजे टाकीतलं दुसरं काम नायट्रोबॅक्टर करतो असं पुस्तकांत वर्षानुवर्षं छापून येत होतं. 1998 मध्ये टिमोथी होवानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तेव्हा तिथे नायट्रोस्पायरा सापडला. आपण ज्यांच्या भरवशावर मासे पाळत होतो त्यांचं नावही आपल्याला धड ठाऊक नव्हतं!

हे जिवाणू पाण्यात मोकळे फार फिरत नाहीत. ते पृष्ठभागाला चिकटून राहतात. म्हणून गाळणीत चिनी मातीच्या छिद्राछिद्रांच्या रिंगा टाकलेल्या असतात. मूठभर रिंगा, पण छिद्रांची आतली भिंत मोजली तर पृष्ठभाग प्रचंड. नव्या टाकीत ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर मासे सोडायचे नसतात. बसल्यावर रिंगांवर तपकिरी, बुळबुळीत थर दिसतो. हा थर म्हणजेच आपली खरी गाळणी. ज्याला तो घाण वाटतो तो नळाखाली धरून खसाखसा घासतो, आणि सगळं संपतं.

मला याला मराठीत एकच शब्द नेमका वाटतो : विरजण. भाषेचे विद्यार्थी म्हणतील, उत्साहावर विरजण पडतं तेच ना? तेच. वाक्प्रचारात बिचारं बदनाम झालंय. स्वयंपाकघरात मात्र विरजण संपलं की शेजारी वाटी घेऊन जावं लागतं. दही संपवताना चमचाभर मागे ठेवायचं हे घरातल्या बाईला कोणी शिकवत नाही, तिला ते माहीतच असतं. टाकीच्या गाळणीचे असे दोन भाग पाडा : एक चाळण, एक विरजण. चहाची चाळण आपण रोज घासतो, ती घाण अडवण्यासाठीच असते. विरजणाच्या वाटीला कोणी राखेने घासून उन्हात ठेवत नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी सुदामा नगरातल्या एका ओळखीच्या घरातून फोन आला. काकूंचा आवाज रडवेला. घराची साफसफाई काढली, त्यात टाकीही काढली होती. रिंगा कपड्यांच्या पावडरीत भिजवून, ब्लीच टाकून, नळाखाली पांढऱ्याशुभ्र केल्या. स्पंज नवा. पाणी जवळजवळ सगळं नवं. काच अशी की टाकीत पाणी आहे की नाही कळू नये. तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकायला लागले. मी थेंबांची तपासणी पेटी घेऊन गेले. परीक्षानळीत अमोनियाचा हिरवा रंग आला, जो पिवळा राहायला हवा होता. काकू म्हणाल्या, ‘अगं, पण घाण कुठे आहे? सगळं तर धुतलं!’

आपलं शहर 2017 पासून सलग कित्येक वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलं. पिवळी गाडी गल्लीत आली की ओला-सुका वेगळा करायची सवय आता हाडात मुरली आहे, आणि तिचा मला अभिमानच आहे. पण स्वच्छता म्हणजे चकाकी हा हिशेब पाण्याखाली चालत नाही, तिथे परीक्षानळी जे सांगेल ते खरं. त्या घरी आम्ही माझ्या गाळणीतल्या दोन मुठी रिंगा जाळीच्या पिशवीत घालून, टाकीच्याच पाण्यात बुडवून, रिक्षाने नेल्या. शब्दशः विरजण लावलं. (एका टाकीतलं काही दुसरीत नेताना रोगही जाऊ शकतो. माझ्या टाकीत कित्येक महिने नवा मासा आलेला नव्हता, म्हणून नेलं.) खाणं बंद, रोज चौथा हिस्सा पाणी बदल, हवेचा पंप पूर्ण चालू. दोन्ही डॅमसेल गेले. क्लाउनफिशची जोडी वाचली, अजून आहे.

ही चूक नव्या माणसाची म्हणून हसण्यासारखी नाही. मत्स्यटाकीचा सगळा आरंभच या कोड्यातून गेलेला आहे. 1846 मध्ये ॲना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. त्यांचे पती वेस्टमिन्स्टर ॲबीचे कॅनन होते, म्हणजे घर ॲबीच्या आवारात, समुद्रापासून दूर. आपल्यासारखीच अडचण. पाणी खराब होऊ नये म्हणून त्यांनी घरकामाच्या मुलीला लावलं : उघड्या खिडकीसमोर उभं राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं, रोज अर्धा-पाऊण तास. पुढे त्यांनी समुद्रशेवाळ आणून ठेवलं आणि प्रवाळ वर्षानुवर्षं जगले. ती मुलगी म्हणजे त्या टाकीचा पंप. तिचं नाव मी जे वाचलं त्यात कुठे आलं नाही, पण रोज एअर पंपाचं बटण दाबताना मला ती आठवते.

‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ केला फिलिप हेन्री गॉस यांनी, 1854 च्या त्यांच्या पुस्तकाने. गॉस अतिशय श्रद्धाळू ख्रिस्ती निसर्गअभ्यासक होते. किनाऱ्यावरच्या खडकांतल्या प्रत्येक जिवाकडे निर्मात्याची कारागिरी म्हणून पाहायचे. त्याच वर्षी त्यांनी साधं मीठ आणि आणखी तीन क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल कसं करावं तेही लिहिलं. म्हणजे आज मी बादलीत जे मिसळते त्याचा उगम तिथे. पण त्यांच्या पुस्तकांनी घरोघरी टाक्यांचं वेड पसरलं. लोकांनी किनारे खरवडून रिकामे केले आणि घरी नेलेले जीव बहुतेक ठिकाणी लवकरच कुजले, कारण अमोनियाचं हे गणित कोणालाच माहीत नव्हतं. गॉस यांच्या मुलाने, एडमंड गॉसने, 1907 च्या आपल्या आत्मकथनात त्या उजाड किनाऱ्यांबद्दल हळहळून लिहिलं आहे. बाप मुळात जीव दाखवायला निघाला होता.

आता हातात ब्रश घेऊ.

सगळ्यात जास्त घासावं लागतं ते स्किमर. गोड्या पाण्याच्या टाकीवाल्यांनी हे यंत्र बहुधा पाहिलेलं नसतं. उभी नळकांडी, खालून पंप पाणी आणि हवा एकत्र घुसळतो, अगदी बारीक बुडबुड्यांचा दुधासारखा पांढरा स्तंभ उठतो, वर निमुळती मान, आणि मानेवर एक कप. पाण्यात विरघळलेल्या प्रथिनांचं आणि चिकट पदार्थांचं एक टोक पाण्याला धरून राहतं, दुसरं पाण्यापासून पळतं. असा रेणू बुडबुड्याच्या कातडीवर जाऊन बसतो. बुडबुडे वर चढतात, मानेत दाटून फेस होतो, आणि फेस कपात उतरून त्याचं काळपट, चहासारखं पाणी होतं. वास असा की घरातले लोक खिडक्या उघडतात. गुऱ्हाळ पाहिलंय ना? काहिलीत उसाचा रस उकळताना वर मळी येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढत राहतो. स्किमर हेच करतो, विस्तव न लावता. आणि हे खाऱ्या पाण्यातच नीट जमतं : क्षारांमुळे बारीक बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, बारीकच राहतात, त्यामुळे मळीला चिकटायला भरपूर जागा मिळते. गोड्या पाण्यात बुडबुडे भराभर एकत्र होऊन मोठे होतात आणि फुटतात.

या यंत्राचं मर्म त्याच्या मानेत. मानेच्या आतून दोन-तीन दिवसांत मेणासारखा, चिकट थर बसतो, आणि त्या थरावर फेस चढत नाही, मध्येच कोसळतो. कप रिकामा दिसतो म्हणून माणूस समजतो पाणी स्वच्छ आहे. खरं म्हणजे मळी काढणं थांबलेलं असतं. म्हणून कप भरो न भरो, मी आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि रविवारी, कप उतरवते, लहान बाळाच्या दुधाच्या बाटलीचा ब्रश मानेतून फिरवते, साध्या कोमट पाण्याने धुते आणि परत बसवते. स्किमर हा पूर्णपणे चाळणीच्या बाजूचा, त्यामुळे नळाचं पाणी इथे चालतं. साबण मात्र नाही. साबणाचा अंश राहिला तर फेस कपाबाहेर फरशीवर येतो आणि माशांच्या कल्ल्यांनाही इजा होते. उलटही होतं : तेलकट हात पाण्यात घातला किंवा तेलकट खाणं टाकलं की फेस काही तास बसतो. तेव्हा घाबरून पेच फिरवत बसू नका, संध्याकाळपर्यंत आपोआप जागेवर येतो.

स्किमरची दुसरी दुखरी जागा हवेची नळी. जिथे हवा आत ओढली जाते तिथे खारं पाणी शिंतोडून सुकतं आणि मिठाचा खडा जमतो. बुडबुडे कमी झाले, आवाज बदलला, की नळी काढून कोमट पाणी तिच्यातून जाऊ द्यायचं. मीठ विरघळतं, दोन मिनिटांचं काम. लोक यासाठी नवा पंप विकत घेतात.

मीठ फक्त आतच जमतं असं नाही. टाकीच्या कडा, झाकण, वायरी, सगळीकडे पांढरे फुलोरे येतात. जुन्या भिंतीला लोणा लागतो तसा. काचेवरचा लोणा ओल्या फडक्याने पुसला की झालं, पण वायरीवरून रांगत तो प्लगपर्यंत गेला तर आगीला निमित्त. प्रत्येक वायर सॉकेटपेक्षा खाली झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे पाणी झोळाच्या टोकाला गळून पडतं. आणि पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग बंद. खारं पाणी विजेला गोड्या पाण्यापेक्षा फार जास्त वाट देतं. घरात गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर नसेल, तर मासे घेण्याआधी तो बसवा.

स्किमरनंतर पांढरा कापूस, म्हणजे गाळणीच्या तोंडाशी ठेवतात तो फ्लॉस. याचं काम फक्त कण अडवणं. अडवलेले कण तिथेच राहिले तर कुजून पुन्हा अमोनियाच देतात. म्हणून तीन-चार दिवसांनी काढून टाकायचा. स्वस्त असतो, धुवून वाचवण्यात अर्थ नाही. त्यामागचा जाड स्पंज दोन्ही बाजूंचा : तो कणही अडवतो आणि त्यात जिवाणूही राहतात. तो पंधरा दिवसांनी, पाणी बदलताना काढलेल्या टाकीच्याच पाण्यात, बादलीत दोन-तीनदा पिळायचा. पाणी काळं होईल. पिळणं तिथे थांबवायचं. स्पंज पुन्हा पिवळा दिसायलाच हवा असा हट्ट नको. आणि ते काळं पाणी तुळशीला नको! गोड्या टाकीचं पाणी झाडांना खत, खाऱ्या टाकीचं पाणी झाडांना मरण.

आता विरजण. रिंगांना मी सहा-आठ महिने हात लावत नाही. प्रवाह मंद झाला, मध्ये गाळ साचलेला दिसला, तरच. तेव्हाही एक तृतीयांश रिंगाच एका वेळी काढायच्या, टाकीच्या पाण्यात हलवून गाळ झटकायचा, परत ठेवायच्या. उरलेल्या रिंगांना किमान महिना जाऊ द्यायचा. नळाचं पाणी इथे दोन कारणांनी वर्ज्य. एक क्लोरीन, जे नळात जिवाणू मारण्यासाठीच घातलेलं असतं आणि चांगला-वाईट असा भेद करत नाही. दुसरं म्हणजे गोडेपणा. खाऱ्या पाण्यात वाढलेल्या पेशीला अचानक गोड्या पाण्यात टाकलं की पाणी तिच्या आत घुसतं आणि ती सोसत नाही. म्हणून ‘आमचं पाणी क्लोरीन उडवलेलं आहे’ हा युक्तिवाद इथे अर्धाच चालतो. स्पंज आणि रिंगा एकाच दिवशी धुवायच्या नाहीत, हेही त्यातच आलं.

पंपाचं प्रकरण वेगळं. पाण्यातला कॅल्शियम पंपाच्या आत पांढऱ्या कवचासारखा बसतो, पाइपात शिपल्यासारखा. चुंबकाची फिरकी जड होते, पंप घरघरतो, तापतो, आणि एका उन्हाळ्यात बंद पडतो. तीन महिन्यांनी पंप बाहेर काढा. पुढचं झाकण फिरवून उघडलं की फिरकी ओढून निघते. तिच्या मधोमध चिनी मातीची बारीक दांडी असते, ती ताकद लावली की तुटते, जपून. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, किंवा लिटरभर पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात ‘नींबू का सत’ म्हणून मिळतं ते. तासभर भिजत ठेवा. बुडबुडे येतील. चुनखडीचं कवच आम्लात विरघळताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, शाळेतला तोच प्रयोग. जुन्या टूथब्रशने खाचा घासा, भरपूर पाण्याने धुवा, बसवा. तारेची घासणी वापरू नका, तिचे तुकडे आत राहून गंजतात. रबरी रिंगेला व्हॅसलीन लावू नका, सिलिकॉनचं ग्रीस मिळतं ते लावा. आणि व्हिनेगर किंवा ॲसिड ब्लीचबरोबर कधीही, चुकूनही, एका बादलीत येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि तो बंद न्हाणीघरात माशाआधी माणसाला गाठतो.

मे-जूनचं वेगळं सांगायला हवं. उन्हाळ्यात पाणी तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. मी पृष्ठभागावर छोटा पंखा सोडते. वाफ होते तसं पाणी गार होतं, पण पातळी घटते. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या शुद्ध पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. नवे लोक इथे हमखास फसतात आणि क्षारता चढत जाते.

याच दिवसांत वळवाची वादळं येतात आणि वीज जाते. ज्यांच्याकडे बंद डब्याची कॅनिस्टर गाळणी आहे त्यांनी इकडे लक्ष द्या. प्रवाह थांबला की डब्यातले जिवाणू आतला प्राणवायू काही तासांत संपवतात. मग ते मरू लागतात आणि प्राणवायूशिवाय जगणारे दुसरे जिवाणू जोर धरतात, कधी सडक्या अंड्याचा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. वीज आली, पंप आपोआप सुरू झाला, की ते सगळं एका दमात टाकीत. मासे रात्री बरे होते, सकाळी उलटे, असं ऐकलंत तर आधी विचारा की रात्री वीज गेली होती का. दोन-तीन तासांहून जास्त वीज गेली तर कॅनिस्टरचा प्लग काढून ठेवा, वीज आल्यावर डब्यातलं पाणी ओतून द्या, रिंगा टाकीच्या पाण्यातून काढा आणि मगच सुरू करा. अंधार असताना रिंगा जाळीच्या पिशवीत घालून टाकीतच सोडून ठेवल्या तर आणखी चांगलं. बॅटरीवरचा हवेचा पंप घरात असावाच.

पाण्याबद्दल थोडक्यात. आपल्याकडे नळाला येतं ते नर्मदेचं पाणी, जलूदहून उचलून, सत्तरेक किलोमीटर, घाट चढून आलेलं. 1978 पासून ते इंदूरला मिळतंय. प्यायला उत्तम, पण टाकीसाठी आधी आरओतून काढावं लागतं. काळ्या दगडातलं बोअरचं पाणी तर फारच जड, त्याने पंपावरचं कवच दुप्पट वेगाने चढतं. स्वयंपाकघरातला आरओ चालतो का, असं विचारतात. चालतो, पण बऱ्याच यंत्रांत चवीसाठी क्षार परत मिसळणारा एक पेच असतो. तो बंद करून पाणी भरा, नाहीतर टीडीएसचा आकडा खाली येत नाही. आरओच्या आधीचा कार्बन कधी बदलला ते लिहून ठेवा. तो संपला की क्लोरीन पडद्यापर्यंत पोचतं आणि महागडा पडदा खराब होतो. नळ एक दिवसाआड येतात त्यामुळे मी शुद्ध पाण्याचे दोन कॅन भरूनच ठेवते.

पाणी बदलाचा हिशेब सोपा आहे. पंधरा दिवसांनी पंधरा टक्के. दोनशे लिटरचे तीस लिटर. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार, म्हणजे तीस लिटरला किलोभर मत्स्यटाकीचं मीठ. खायचं मीठ नाही. त्यात सोडियम क्लोराइड सोडून समुद्रातलं दुसरं जवळजवळ काही नसतं. आदल्या दिवशी बादलीत मिसळून पंप लावून फिरत ठेवायचं, रिफ्रॅक्टोमीटरवर 1.025 आलं की वापरायचं. मीठ थेट टाकीत कधीच ओतायचं नाही.

कपाटाच्या आतल्या बाजूला मी शाळेची एक वही टांगली आहे. तारीख, काय धुतलं, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, क्षारता. पहिले दोन शून्य, तिसरं तीस-चाळीसच्या खाली. गावाला जाताना शेजारच्या मावशींना किल्ली देते तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने तीन ओळी असतात. चिमूटभर खाणं, दिवसाआड. वीज गेली तर मला फोन. कपाटातलं काही दिसायला कितीही घाण दिसलं तरी धुवायचं नाही. गेल्या उन्हाळ्यात नाशिकला होते तेव्हा चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला, ‘वरचा कप फार घाण वास मारतोय गं, तो तरी धुऊ का?’ तो धुवायला मी हो म्हटलं.